दोनशे चौदा कोटींचा मालक

२,१४,७४,८३,६४७. कॉम्प्युटरच्या पोरांना हा आकडा लगेच ओळखू येईल. बत्तीस बिटांच्या इंटमध्ये मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. अजून एक मिळवला की बहुतेक मशीनवर उत्तर थेट उण्यात जातं. मला मात्र ती आवडते ती दुसऱ्याच कारणासाठी. ही मूळ संख्या आहे, आणि ते दाखवणारा माणूस तेव्हा जवळजवळ आंधळा होता.

लेओनार्ड ऑयलर. (आपण सगळे युलर म्हणतो. व्हायवात तसंच म्हणा, उगाच मार्क जायचे!) कॉलमच्या बकलिंगमध्ये भेटतो तोच हा. जन्म १७०७, स्वित्झर्लंडमधलं बाझल. वडील पाद्री, पोरानंही पाद्री व्हावं ही त्यांची इच्छा. पण योहान बर्नुलीने पोराचं गणित पाहिलं आणि वडिलांचं मन वळवलं. विसाव्या वर्षी ऑयलर रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत गेला. १७३८ मध्ये उजवा डोळा गेला. मग पंचवीस वर्षं बर्लिन. १७६६ ला परत रशियात आला, तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. १७७१ मध्ये ऑपरेशन झालं, थोडे दिवस दिसलं, मग तेही गेलं. त्याच वर्षी राहतं घर जळालं.

आणि १७७२ च्या सुमारास हा गडी गुरूच्या नातवाला पत्रातून कळवतो, की २ चा ३१ वा घात वजा १ ही संख्या मूळ आहे.

कसं केलं असेल? सरळ मार्गाने जायचं तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या जवळपास ४,८०० आहेत. डोळे धड असलेला माणूसही कंटाळेल. ऑयलरने आधी विचार केला, की या संख्येला भागणारी मूळ संख्या असलीच तर ती असेल कशी? ३१ स्वतः मूळ आहे, म्हणून त्या भाजकातून १ वजा केल्यावर ६२ ने भाग जायलाच हवा. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या, की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्याच शिल्लक राहतात. त्या शंभरसुद्धा नाहीत! एकीनेही भाग गेला नाही, विषय संपला.

१८११ मध्ये पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने लिहून ठेवलं, की हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधायच्या भानगडीत पडणार नाही, कारण तिचा उपयोग काय? १८७६ मध्ये एदुआर ल्युका याने एकदम ३९ आकडी मूळ संख्या दाखवली, तीही हातानेच.

ऑयलर गेला १८ सप्टेंबर १७८३ ला. त्या दिवशीही युरेनसच्या कक्षेवर त्याची चर्चा झाली होती. पाठीमागे एवढं लिखाण उरलं होतं, की अकादमी पुढे जवळपास पन्नास वर्षं त्याचेच निबंध छापत बसली.