टपालावर चालणारे दुकान

आरॉन माँटगोमेरी वॉर्ड याचे बालपण अमेरिकेतील नाइल्स या गावी गरिबीत गेले. चौदाव्या वर्षीच शाळा सोडून तो कामाला लागला. पिपांच्या फळ्या करण्याच्या कारखान्यात दिवसाला 25 सेंट आणि पुढे वीटभट्टीवर 30 सेंट, एवढीच त्याची मिळकत. काही वर्षांनी तो दुकानात नोकरीस राहिला व शेवटी फिरता विक्रेता होऊन खेडोपाडी हिंडू लागला.

तेथे त्याला शेतकऱ्यांची अडचण दिसली. गावात बहुधा एकच दुकान असे. शहरातून येणाऱ्या मालावर प्रत्येक मध्यस्थ आपला नफा चढवी आणि दुकानदार सांगेल ती किंमत शेतकऱ्याला मोजावी लागे. शिकागोत रोखीने घाऊक माल घेऊन तो आगगाडीने थेट शेतकऱ्याकडे का धाडू नये, असा विचार वॉर्डच्या मनात आला. मित्रांना तो वेडगळ वाटला. न पाहिलेली वस्तू कोण विकत घेणार?

काटकसरीने पैसा साठवून त्याने माल खरेदी केला. तोच ऑक्टोबर 1871 मध्ये शिकागोत भयंकर आग लागली व तो सारा माल भस्मसात झाला. वॉर्डने पुन्हा पैसा जमवला आणि ऑगस्ट 1872 मध्ये 163 वस्तूंची किंमतयादी प्रसिद्ध केली. ती यादी म्हणजे केवळ एक छापील कागद होता!

पुढच्याच वर्षी शहरातील एका मोठ्या वृत्तपत्राने हा स्वस्ताईचा व्यवहार म्हणजे फसवणूक आहे, असे लिहिले. ज्या धंद्यात ग्राहक आणि व्यापारी एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत, तेथे असा आरोप प्राणघातकच. परंतु व्यवहार चोख असल्याचे आढळल्यावर त्या पत्राला आपले शब्द मागे घ्यावे लागले. 1875 मध्ये वॉर्डने जाहीर केले, की माल पसंत न पडल्यास पैसे परत मिळतील. 1883 च्या यादीत 240 पाने व सुमारे 10,000 वस्तू होत्या.

वॉर्डच्या कचेरीसमोर मिशिगन सरोवराचा काठ होता. ती जागा सदैव मोकळी राहावी, असे जुन्या नकाशात नमूद असूनही तेथे इमारती उठू लागल्या. 1890 पासून वॉर्डने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. शहरातील वजनदार मंडळी त्याच्यावर रुष्ट झाली. तरी 1911 पर्यंत तो स्वखर्चाने झगडला आणि जिंकला. आज तेथे ग्रँट पार्क हे विस्तीर्ण उद्यान आहे.

1 जानेवारी 1913 रोजी अमेरिकन टपालखात्याने मोठी पार्सले पोहोचवण्याची सेवा सुरू केली. त्याच वर्षी डिसेंबरात वॉर्डचा मृत्यू झाला.