विश्लेषण : आमवाताच्या इन्फ्यूजनसोबतच्या स्वस्त गोळीचे परळशी नाते काय? डॉ. लुसी विल्स कोण होत्या?

पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराची बोटे सकाळी तासभर वळेनाशी झाली, तर आधी कामाच्या ताणाला दोष दिला जातो. पण दोन्ही हातांचे सांधे सुजून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर तो आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. गोळ्यांनी आजार आटोक्यात आला नाही, तर काही रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध सलाइनप्रमाणे शिरेतून दिले जाते. यालाच इन्फ्यूजन म्हणतात.

या महागड्या औषधाची तारीख सहसा कोणी चुकवत नाही. त्याच्या जोडीला लिहून दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी मात्र व्हिटॅमिनची तर आहे, म्हणून राहून जाते. या गोळीची गोष्ट सुमारे शतकभरापूर्वी मुंबईत, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली.

लुसी विल्स मुंबईत का आल्या?

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील सटन कोल्डफिल्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात केपटाऊनमध्ये त्यांनी परिचारिकेचे काम केले. नंतर लंडनला परतून त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या आणि १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाची प्रयोगशाळा निवडली.

१९२८ मध्ये त्यांना मुंबईला बोलावणे आले. इथे गरोदर स्त्रिया एका तीव्र रक्तक्षयाने दगावत होत्या. त्यांच्या रक्तातील लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने प्रमाणाबाहेर मोठ्या दिसत. गिरणीत काम करणाऱ्या आणि पडद्यात राहणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये हा आजार विशेष आढळत होता.

मार्माइटचा शोध कसा लागला?

हा रोग जंतूंमुळे होतो का, हे विल्स यांनी आधी तपासले. तसे काही सापडले नाही. मग त्यांनी या स्त्रियांच्या ताटात काय असते, ते पाहिले. फळे, भाज्या आणि दूध जवळपास नव्हतेच. मुंबईतील या कामाच्या निबंधांवर त्यांच्यासोबत एम. एम. मेहता आणि एस. एन. तळपदे ही नावेही आहेत.

गरीब स्त्रियांच्या आहारासारखाच आहार प्रयोगशाळेतील प्राण्यांना दिला, तेव्हा त्यांनाही रक्तक्षय झाला. आजारी पडलेल्या एका माकडाला मार्माइट दिल्यावर ते झपाट्याने सुधारले. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळपट, खारट आणि स्वस्त अर्क. पुढे तो स्त्रियांना दिला गेला आणि त्याही बऱ्या झाल्या. दुसऱ्या एका रक्तक्षयावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क मात्र इथे चालला नाही. म्हणजे यीस्टमध्ये काहीतरी वेगळे होते. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अनोळखी द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ म्हटले जाऊ लागले.

मग फॉलिक ॲसिडपासून आमवाताचे औषध कसे निघाले?

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले. पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. विल्स यांना ज्याची चाहूल लागली होती, ते हेच. लवकरच अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे नेतृत्व करत होते आंध्रातून गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

पेशींना वाढायला फॉलिक ॲसिड लागते. मग त्याची वाट अडवली, तर बेसुमार वाढणाऱ्या पेशींना रोखता येईल का? या विचारातून त्याची विरोधी औषधे तयार झाली. डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर ती वापरली. त्यांपैकीच एक मेथोट्रेक्सेट. १९५१ मध्ये याच गटातील औषध सोरायसिस आणि आमवातावर वापरून पाहण्यात आले. १९८८ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला मान्यता मिळाली, तीही आठवड्यातून एकदा, कमी मात्रेत.

इन्फ्यूजनशी त्याचा संबंध काय?

इन्फ्लिक्सिमॅब हा प्रयोगशाळेत घडवलेला प्रतिपिंड आहे. सूज भडकवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला तो पकडून ठेवतो. सुरुवातीला पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात आणि पुढे साधारण दर आठ आठवड्यांनी तो दिला जातो. पण शरीर या औषधालाच परके समजून त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करू शकते. सोबत मेथोट्रेक्सेट असेल, तर हा धोका कमी होतो. म्हणून आमवातात ही दोन्ही औषधे जोडीने दिली जातात. टीएनएफ रोखल्याने शरीरात दबून असलेला क्षयरोग उसळू शकतो, त्यामुळे आधी त्याची तपासणी आवश्यक असते.

मेथोट्रेक्सेटमुळे तोंड येणे, मळमळ, यकृतावर ताण असे त्रास होऊ शकतात. ते कमी करण्यासाठीच फॉलिक ॲसिड असते. त्याचा दिवस आणि मात्रा डॉक्टर ठरवतात. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले, तर जिवावर बेतू शकते. गरोदरपणात तर ते वर्ज्यच आहे. ज्या द्रव्याने गर्भवतींचे प्राण वाचवले, त्याचीच वाट हे औषध अडवते.

विल्स यांचे पुढे काय झाले?

रॉयल फ्री रुग्णालयातून त्या १९४७ मध्ये निवृत्त झाल्या. नंतरही फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन त्यांनी पोषणाचा अभ्यास केला. आयुष्याच्या अखेरच्या दशकात लंडनच्या चेल्सी भागात त्या नगरसेवक होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. इन्फ्लिक्सिमॅबला पहिली मान्यता मिळायला तेव्हा ३४ वर्षे बाकी होती.

आज अनेक गर्भवतींना सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. त्यातलेच फॉलिक ॲसिड आमवाताच्या रुग्णाच्या पिशवीतही असते. इन्फ्यूजनची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवताना या गोळीचा वारही शेजारी लिहायला हवा.