मागे पडणाऱ्या मुलांचा कैवारी : आल्फ्रेड बिने

वर्गात मागे पडणारे मूल आळशी असते, उनाड असते, की त्याला शिकण्यातच काही अडचण असते? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसच्या शाळांपुढे उभ्या राहिलेल्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. बुद्धिमापन चाचणीचे जनक म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. ही चाचणी त्यांनी कोणासाठी तयार केली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

८ जुलै १८५७ रोजी नीस येथे जन्मलेल्या बिने यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. ग्रंथालयात बसून त्यांनी मानसशास्त्र आत्मसात केले. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या हाताखाली त्यांनी संमोहनावर प्रयोग केले. ते निष्कर्ष केवळ सूचनेच्या प्रभावाने निर्माण झालेले होते, असे बेल्जियमच्या देलबफ यांनी दाखवून दिले आणि बिने यांना माघार घ्यावी लागली. प्रयोग करणाऱ्याची अपेक्षाच समोरच्याचे उत्तर घडवू शकते, हा धडा त्यांनी कायमचा गाठीशी बांधला.

१८९१ मध्ये ते सोर्बोनच्या प्रयोगशाळेत विनावेतन रुजू झाले आणि १८९४ मध्ये तिचे संचालक बनले. घरी मादलेन आणि आलिस या दोन मुलींचे निरीक्षण सुरूच होते. एकाच घरात वाढणाऱ्या या बहिणींची विचार करण्याची पद्धत अगदी भिन्न होती. डोक्याचा आकार मोजून बुद्धी ठरवण्याचा मार्गही त्यांनी चोखाळून पाहिला आणि तो भरवशाचा नाही, हे ओळखून सोडून दिला.

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. सर्व थरांतील मुले शाळेत आली, तशी काहींना नेहमीचा अभ्यास झेपत नाही, हेही उघड झाले. १९०४ मध्ये शिक्षण मंत्रालयाने नेमलेल्या आयोगावर बिने यांची नियुक्ती झाली. विशेष वर्गात कोणाला पाठवायचे, हा कळीचा प्रश्न होता. शिक्षकाच्या मर्जीवर निर्णय सोडला, तर खोडकर मुलाची रवानगी तिकडे होण्याची आणि गप्प बसणारे अडचणीतील मूल दुर्लक्षित राहण्याची भीती होती. डॉक्टरांच्या निदानांतही एकवाक्यता नव्हती.

यातूनच १९०५ मध्ये डॉ. तेओदोर सिमाँ यांच्या साहाय्याने बिने यांनी ३० कसोट्यांची श्रेणी तयार केली. ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, माशी आणि फुलपाखरू यांतील फरक सांगणे अशा या साध्या कसोट्या होत्या. १९०८ मध्ये त्यांची वयानुसार मांडणी झाली. बुद्धी जन्मतःच ठरलेली व अचल असते, हे मत मात्र बिने यांनी ठामपणे नाकारले. मुलांना आधी लक्ष देणे आणि स्वतःला आवरणे शिकवावे, या हेतूने त्यांनी मानसिक व्यायाम सुचवले. पुतळ्यासारखे निश्चल उभे राहणे, क्षणभर पाहिलेल्या वस्तू आठवून सांगणे असे खेळ त्यात होते.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फ्रान्समध्ये प्राध्यापकपद त्यांना अखेरपर्यंत लाभले नाही. १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी बुद्धिगुणांकाची कल्पना मांडली आणि मदतीसाठी बनवलेल्या श्रेणीतून मुलाच्या माथी एक आकडा चिकटू लागला. अमेरिकेत तर या चाचण्यांचा आधार घेऊन अनेकांना जन्मजात मंदबुद्धी ठरवण्यात आले.

व्ही. व्ही. कामत यांनी ही श्रेणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित केली, ती बिने-कामत चाचणी म्हणून ओळखली जाते. मुलाच्या चाचणीचा अहवाल हाती घेणाऱ्या पालकांनी बिने यांचा मूळ हेतू ध्यानात ठेवायला हवा : या मुलाला कोठे आणि कशी मदत लागेल, एवढेच त्यांना त्यातून जाणून घ्यायचे होते.