दाई हलीमा : ठेव सांभाळणारी दूधआई

रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना यतीम मुलांची हमखास आठवण होते. यतीम म्हणजे ज्याचे पितृछत्र हरपले आहे असे मूल. त्याच्यासाठी पैसे काढून ठेवणे तुलनेने सोपे. त्याला घरात घेणे, आपल्या लेकरांच्या शेजारी जेवायला बसवणे आणि वेळ आली की त्याच्या माणसांकडे परत सोपवणे, हे अवघड. हजरत हलीमा सादिया (रजि.) यांनी ते साडेचौदाशे वर्षांपूर्वी करून दाखवले.

हलीमा ताइफजवळच्या बनू साद या भटक्या टोळीतल्या. पतीचे नाव हारिस. त्या काळी मक्केतली प्रतिष्ठित घराणी तान्ही बाळे वाळवंटातल्या अशा टोळ्यांकडे दोनेक वर्षे वाढायला पाठवत. मोकळी हवा मिळावी, अरबी भाषा शुद्ध व्हावी, हा त्यामागचा हेतू. बदल्यात बाळाच्या वडिलांकडून दाईच्या घराला आधार मिळे.

ते वर्ष दुष्काळाचे होते. टोळीतल्या बायका बाळे शोधत मक्केला निघाल्या, त्यांत हलीमाही होत्या. गाढवी इतकी अशक्त की सोबतच्या बायकांना थांबून वाट पाहावी लागे. सोबतच्या सांडणीला दूध नव्हते, हलीमांच्या अंगावरचे दूध स्वतःच्या बाळालाही पुरत नव्हते. पोर रात्रभर रडे.

मक्केत एक बाळ प्रत्येकीला दाखवले गेले आणि प्रत्येकीने नाकारले. त्याचे वडील अब्दुल्लाह जन्माआधीच वारले होते. विधवा आई आणि म्हातारे आजोबा काय देणार, असा साधा व्यवहारी विचार त्यामागे होता. हलीमांनीही आधी तोच केला. पण परतायची वेळ आली तेव्हा बाकी सगळ्यांच्या कुशीत बाळ होते, त्यांची कूस रिकामी. रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा तो यतीमच घेऊ, असे त्यांनी पतीला सांगितले. हारिस यांनी होकार दिला. ते बाळ म्हणजे पुढे प्रेषित झालेले हजरत मुहम्मद (स.).

त्यानंतर हलीमांना दूध उतरले, सांडणीची कास भरली, रखडणारी गाढवी सर्वांच्या पुढे निघाली, असे सीरतच्या ग्रंथांत येते. श्रद्धावंत त्याला बरकत म्हणतात. त्या घरात शैमा ही मोठी मुलगी होती. या दूधभावाला सांभाळण्यात तिचाही हात होता.

दोन वर्षांनी दूध तुटले. ठरल्याप्रमाणे हलीमा मुलाला घेऊन आई आमिना यांच्याकडे आल्या. जीव मात्र गुंतला होता. मक्केत रोगराईची भीती आहे, अजून काही दिवस राहू द्या, अशी गळ त्यांनी घातली. आमिनांनी मानले. पुढे मुलाच्या बाबतीत एक विलक्षण घटना घडली आणि दोघे नवरा-बायको धास्तावले. मुलाला काही होण्याआधी आईच्या हवाली करावे, असे त्यांनी ठरवले. इतक्या हौसेने नेलेला मुलगा अचानक परत का आणला, असे आमिनांनी खोदून विचारले, तेव्हा हलीमांनी काहीही न लपवता सगळे सांगितले. तेव्हा मुलगा चार-पाच वर्षांचा होता.

मूल सहा वर्षांचे असताना आमिना वारल्या. मग उम्मे ऐमन, आजोबा अब्दुल मुत्तलिब, चुलते अबू तालिब आणि चुलती फातिमा बिन्ते असद अशा अनेक हातांनी त्यांना वाढवले. मात्र वाळवंटातले ते घर ते विसरले नाहीत. हजरत खदीजा (रजि.) यांच्याशी विवाह झाल्यानंतर पुन्हा दुष्काळ पडला आणि हलीमा मक्केला आल्या. तेव्हा खदीजांनी त्यांना ४० मेंढ्या आणि एक उंट दिला. इ.स. ६३० मध्ये हुनैनच्या लढाईनंतर पकडलेल्यांत शैमा होत्या. ओळख पटताच प्रेषितांनी आपली चादर अंथरून त्यांना बसवले. राहायचे की परत जायचे, हे त्यांच्यावर सोपवले. शैमांनी आपल्या माणसांत जाणे पसंत केले. त्यांना भेटी देऊन मानाने पाठवण्यात आले. पुढे टोळीच्या शिष्टमंडळाने याच दुधाच्या नात्याची आठवण दिली आणि हजारो कैद्यांची सुटका झाली.

हलीमांनी मुलाला आपले नाव दिले नाही. तो अब्दुल्लाहचा मुलगाच राहिला. सांभाळलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या वडिलांच्या नावानेच ओळखावे, हा आदेश पुढे कुरआनच्या सूरह अहजाबमध्ये आला. दुधाचे नाते विवाहाच्या बाबतीत रक्ताच्या नात्यासारखे मानले गेले, पण मुलाची मूळ ओळख पुसली गेली नाही.

आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये फॉस्टर केअरची तरतूद आहे. दत्तक घेणे वेगळे, हे वेगळे. बालकल्याण समिती कुटुंबाची पारख करून मूल काही काळासाठी सोपवते आणि त्याच्या आईवडिलांची परिस्थिती सुधारली तर ते परत जाऊ शकते. अनेक जण इथेच अडखळतात. लळा लागल्यावर परत कसे द्यायचे? हलीमांनाही तो लळा लागला होता, म्हणून तर त्यांनी मुदत वाढवून मागितली. तरीही मूल ही ठेव आहे, अमानत आहे, हे त्या विसरल्या नाहीत. ज्यांच्या घरात एक ताट वाढवण्याइतकी जागा आहे, त्यांनी यंदा जकातीच्या हिशेबाबरोबर जिल्हा बाल संरक्षण कक्षात एकदा चौकशी करायला हरकत नाही.