विश्लेषण : साठीच्या उंबरठ्यावर रिव्हेट सोडून वेल्डिंगकडे वळलेले येव्गेनी पाटोन कोण होते?

युक्रेनची राजधानी कीव्हमध्ये नीपर नदीवर १५४३ मीटर लांबीचा पूल आहे. त्याचा पोलादी सांगाडा रिव्हेटने नव्हे, वेल्डिंगने जोडलेला आहे. ५ नोव्हेंबर १९५३ रोजी तो खुला झाला. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या येव्गेनी पाटोन यांचे त्याआधी तीन महिने, १२ ऑगस्टला निधन झाले होते.

मूळचे पुलांचे अभियंता?

हो. जन्म १८७० चा, फ्रान्समधील नीसचा. वडील तिथे रशियाचे वाणिज्यदूत होते. ड्रेस्डेनमध्ये शिकून ते रशियात परतले आणि पुढे कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाले. तेव्हाचे पोलादी पूल रिव्हेटचे असत. पोलादाला भोके पाडायची, वर जोडपट्टी ठेवायची आणि तापवलेले रिव्हेट ठोकायचे. भोकांनी पोलाद कमजोर होते, पट्ट्यांनी वजन वाढते. १९२९ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, पाटोन यांनी वेल्डिंगची प्रयोगशाळा सुरू केली. १९३४ मध्ये तिची संस्था झाली.

मग अडचण कुठे होती?

भरवशाची. रिव्हेटच्या पुलात एका पट्टीला गेलेला तडा बहुधा तिच्या कडेशी थांबतो. वेल्डिंगने सारे अंग एकसंध होते, त्यामुळे तडा धावत सुटू शकतो. मार्च १९३८ मध्ये बेल्जियममधील हासेल्ट येथील वेल्डिंगचा पूल असाच कोसळला. शिवाय हाताने केलेला जोड वेल्डरच्या कसबावर अवलंबून. म्हणून पाटोन यांनी यंत्राची वाट धरली. तार आपोआप पुढे सरकते आणि विद्युत ठिणगी फ्लक्सच्या दाण्यांखाली झाकलेली राहते. हवा आत शिरत नाही, जोडही सावकाश थंड होतो. अशी पद्धत अमेरिकेत आधीच निघाली होती, हे सांगायला हवे. पाटोन यांच्या चमूने १९४० च्या सुमारास आपली यंत्रे आणि आपला फ्लक्स तयार केला.

रणगाड्यांशी काय संबंध?

खरी परीक्षा तिथेच झाली. १९४१ मध्ये जर्मन फौजा कीव्हकडे येऊ लागल्या तेव्हा संस्था उरल पर्वतरांगेतील निझ्नी तागील येथे हलवली गेली. तिथल्या कारखान्यात टी-३४ रणगाडे बनत. चिलखती पोलादात कार्बन जास्त. जोडाजवळचा भाग थंड होताना ठिसूळ होई आणि तडकत असे. सांध्यात कमी कार्बनची जादा तार घालून त्यावर तोड काढली. फ्लक्स संपला तेव्हा झोतभट्टीची मळी वापरली. सहकारी दियात्लोव्ह यांच्या लक्षात आले, की तार एकाच वेगाने सोडली तरी ठिणगी स्वतःला सावरते : ती आखूड झाली की प्रवाह वाढतो, तार भरभर वितळते आणि अंतर पूर्ववत होते. त्यामुळे यंत्र सोपे झाले. कुशल कामगारांची टंचाई असताना बायका आणि पोरसवदा मुलेही ते चालवू लागली. पाटोन तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते.

आणि पूल?

युद्धानंतर ते पुन्हा पुलाकडे वळले. या वेळी आधी पोलाद बदलले : वेल्डिंगला मानवेल असे, कमी कार्बनचे.

संस्थेत पुढे झिजरोधक थरांवरही काम झाले. लाटण गिरणीचे झिजलेले रोल भंगारात न काढता, त्यांवर त्याच ठिणगीने कठीण मिश्रधातूचा थर चढवला जाऊ लागला. पाटोन यांच्यानंतर संस्थेची सूत्रे त्यांचे पुत्र बोरिस यांच्याकडे आली. २०२० मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी निधन होईपर्यंत ती त्यांच्याकडेच होती.