तीन आण्यांत दोन मैल

तुम्ही रस्त्यावर डोंबाऱ्याचा खेळ पाहिला आहे का? पूर्वी नाशिकला गोदावरीच्या घाटावर, जत्रेत, आठवड्याच्या बाजारात असे खेळ नेहमी होत. आजही एखाद्या गावात ढोलके वाजू लागले की समजावे, डोंबारी आला. बांबूंना ताणून दोर बांधलेला असतो. हातात काठी धरून एक लहान मुलगी त्या दोरावरून चालते. लोक गोलाकार उभे राहतात. श्वास रोखून वर पाहतात. खेळ अगदी रंगात आला की ढोलके एकदम थांबते आणि थाळी फिरू लागते.

आता गर्दीकडे नीट पाहा. पुढे उभे असलेले दोन पावले मागे सरकतात. कोणी घड्याळाकडे बघतो, कोणाला अचानक काम आठवते. थाळी जवळ येईपर्यंत अर्धे लोक निघून गेलेले असतात. खेळ सर्वांनी पाहिला, पण पैसे थोड्यांनीच दिले! म्हणून हुशार खेळकरी सर्वांत अवघड उडी शेवटी राखून ठेवतो. आधी थाळी फिरवतो, मगच ती उडी दाखवतो.

लोकांना खेळ दाखवून त्यांच्याकडून पैसे गोळा करणे, हे काम दिसते तितके सोपे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या एका माणसाने हे काम जन्मभर केले. त्याचा खेळ मोठा होता आणि थाळीही मोठी होती. त्याचे नाव तुम्ही ऐकले आहे. ते म्हणजे दादासाहेब फाळके.

त्यांचे मूळ नाव धुंडिराज गोविंद फाळके. ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. पुढे वडिलांना मुंबईत शिकवण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. धुंडिराजला पोथ्यांपेक्षा चित्रांची आवड अधिक. १८८५ मध्ये त्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव घातले. नंतर बडोद्याच्या कलाभवनात तो चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई शिकला. एवढ्या कला हाती आल्यावर पोट सहज भरेल, असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. छायाचित्रकार म्हणून त्यांनी गोध्रा येथे दुकान थाटले. पण फोटो काढला की आयुष्य कमी होते, असा लोकांचा त्या काळी समज होता. गिऱ्हाईक येईना. त्यातच प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले.

याच दुःखाच्या काळात दादासाहेब जादू शिकले. बडोद्यात आलेल्या एका परदेशी जादूगाराने त्यांना हातचलाखीचे प्रयोग शिकवले. १९०१ च्या सुमारास ते लोकांसमोर जादूचे खेळ करू लागले. खेळासाठी त्यांनी नाव घेतले प्रोफेसर केळफा. हे नाव कोठून आले, सांगा पाहू? फाळके हा शब्द उलटा वाचा. फा, ळ, के. के, ळ, फा!

दादासाहेबांच्या चरित्रात या जादूच्या खेळांविषयी सहसा दोन ओळी लिहिलेल्या असतात. मला मात्र वाटते, त्यांचे अर्धे शिक्षण तेथेच झाले. जादूगाराला समोरच्या माणसाचा चेहरा वाचावा लागतो. लोक केव्हा कंटाळतात, केव्हा पुढे झुकतात, केव्हा खिशात हात घालतात, हे त्याला कळावे लागते. कलाभवनात हे कोणी शिकवत नाही.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा. ते पुढे येणार आहे. दादासाहेबांनी काही वर्षे सरकारी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली आणि लोणावळ्याला व मग दादरला छापखाना काढला. रंगीत छपाई शिकण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटले नाही आणि तो धंदाही त्यांनी सोडला. वय चाळीस, हातात काम नाही, घरात लहान मुले. अशा दिवसांत गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट पाहिला. पडद्यावर माणसे चालत होती. आपल्या देशाच्या कथा अशा पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार त्यांच्या मनात शिरला आणि मग निघाला नाही. ते दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. पुढे कित्येक महिने रोज चित्रपट पाहून पाहून त्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ त्यांना दिसेनासे झाले.

डोळे बरे झाले, पण पैसा कोठून आणायचा? दादासाहेबांनी आपली बारा हजार रुपयांची विमा पॉलिसी गहाण ठेवली आणि दहा हजार रुपये कर्ज काढले. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तेथे चित्रपट कसा बनतो ते पाहिले, पन्नास पौंडांचा कॅमेरा खरेदी केला आणि एप्रिलमध्ये परतले. परत आल्यावर त्यांनी एक गंमत केली. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याला अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले. ती फिल्म पडद्यावर पाहताना एका मिनिटात वेल सरसर वाढताना दिसे. हा खरा जादूचा खेळ होता, आणि तो पाहणारा प्रेक्षक होता कर्ज देणारा सावकार! खेळ पाहून त्याने पैसे दिले. तरी ते पुरले नाहीत, तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

पहिल्या चित्रपटासाठी विषय निवडला राजा हरिश्चंद्राचा. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि मुलगा सोडणाऱ्या या राजाची कथा त्या काळी घरोघरी माहीत होती. राणी तारामतीचे काम करायला एकही स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात महिना दहा रुपये पगारावर काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला दादासाहेबांनी पंधरा रुपये देऊ केले आणि राणी सापडली. सरस्वतीबाई दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत आणि रात्री दिव्याच्या मंद उजेडात फिल्मच्या पट्टीला भोके पाडत. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. त्या कार्यक्रमात चित्रपटाबरोबर नाच होता, विनोदी नकला होत्या आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटूही होता. नव्या कलेवर एकटीवर भरवसा कोण ठेवणार? म्हणून जुन्या खेळांना सोबत घेतले होते. मुंबईत चित्रपट चांगला चालला.

नंतर तो सुरतला गेला. आता जरा आपण सुरतला थांबू.

सुरतमध्ये पहिल्या दिवशी एकूण जमा झाले तीन रुपये. तेव्हा एका रुपयाचे सोळा आणे होत. म्हणजे तीन रुपयांचे अठ्ठेचाळीस आणे. तिकीट तीन आण्यांचे धरले, तर प्रेक्षक किती झाले? फक्त सोळा! थिएटरचा मालक घाबरला. त्याने कारणही सांगितले, आणि ते खोटे नव्हते. सुरतच्या लोकांना दोन आण्यांत सहा तास नाटक पाहायला मिळत असे. मग तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कोण पाहणार? त्याच्या मते एकतर खेळ लांबवायला हवा होता किंवा तिकीट कमी करायला हवे होते.

दादासाहेबांनी दोन्ही केले नाही. त्यांनी फक्त जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे फक्त तीन आण्यांत! लोक चकित झाले. एक फोटो काढायला तेव्हा कितीतरी पैसे पडत, आणि येथे तीन आण्यांत सत्तावन्न हजार! थिएटरसमोर गर्दी जमली. उत्पन्न तीन रुपयांवरून तीनशे रुपयांवर गेले.

ही जाहिरात खरी होती का? आपणच हिशेब करून पाहू. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एका फूट फिल्मवर १६ चित्रे बसतात. गुणाकार करा : ५९,२०० येतात. म्हणजे फोटोंचा आकडा जवळजवळ बरोबर होता, उलट थोडा कमीच सांगितला होता. पण एक मैल म्हणजे ५,२८० फूट. ३,७०० फुटांचा एक मैलसुद्धा होत नाही, मग दोन मैल कोठून झाले? तेथे प्रोफेसर केळफाने थोडी हातचलाखी केली, असे म्हणावे लागेल. रस्त्यावरचा गारुडीही आपली टोपली उघडण्यापूर्वी आतल्या नागाचे वर्णन जरा वाढवूनच करत असे.

मुंबई आणि सुरत ही मोठी शहरे. खेड्यांत थिएटर कोठे होते? दादासाहेबांनी त्यावरही उपाय काढला. प्रोजेक्टर, पडदा आणि फिल्मच्या पेट्या बैलगाडीत घालून ते गावोगाव फिरत. अंधार पडला की पडदा बांधायचा. जमिनीवर बसणाऱ्याने अर्धा आणा, एक आणा द्यायचा. गावात पडदा लागला की आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसे बायका-मुलांसह चालत येत. ही सारी कमाई चिल्लर नाण्यांची. त्यामुळे परतीच्या प्रवासात बैलांना फिल्मपेक्षा नाण्यांच्या पोत्यांचाच भार अधिक होई. १९१७ च्या लंकादहन या चित्रपटाच्या वेळी तर मद्रासला जमलेली रक्कम पोलिसांच्या बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. या चित्रपटात राम आणि सीता ही दोन्ही कामे त्याच साळुंकेने केली होती.

१९१३ मध्येच दादासाहेब आपला सारा पसारा घेऊन नाशिकला आले होते. नदी, घाट, देवळे, डोंगर आणि मोकळे रान, चित्रपटाला लागणारे सारे नाशिकला तयारच होते. मोहिनी भस्मासुर येथे तयार झाला आणि त्यात दुर्गाबाई कामत व कमलाबाई या मायलेकींनी कामे केली. पडद्यावर आता स्त्रिया आल्या. नाशिकच्या कारखान्यात सारी माणसे एका कुटुंबासारखी राहत.

तुम्ही विचाराल, पोत्यांनी पैसा येत होता, मग दादासाहेब श्रीमंत झाले असतील? नाही. आलेला प्रत्येक रुपया पुढच्या चित्रपटात जाई. एक कर्ज फिटले की दुसरे उभे राही. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पैसे देणाऱ्यांनी हात आखडला. लंडनच्या एका कंपनीने मोठ्या पगारावर तेथेच राहण्याविषयी सुचवले होते. दादासाहेब थांबले नाहीत.

लंकादहनचे यश पाहून भांडवलदार पुढे आले. १ जानेवारी १९१८ रोजी नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. पाच भागीदारांचा पैसा आणि दादासाहेबांची कला. त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी श्रीकृष्णाच्या रूपात पडद्यावर आली आणि प्रेक्षकांची लाडकी झाली. पण थोड्याच दिवसांत भांडण सुरू झाले. भागीदारांना प्रत्येक खर्चाचा हिशेब हवा होता. दादासाहेबांना एखादा प्रसंग मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यायचा होता. दोष कोणाचा, हे ठरवणे कठीण. ज्याने पैसा घातला त्याने हिशेब मागणे गैर नाही. पण डोंबाऱ्याच्या मुलीला दोर स्वस्तातला आण असे सांगणाराही शहाणा म्हणता येत नाही. दादासाहेब रागावून कुटुंबासह काशीला निघून गेले. तेथे त्यांनी नाटक लिहिले. काही वर्षांनी ते नाशिकला, त्याच कंपनीत परत आले, पण आता मालक म्हणून नव्हे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत आलम आरा हा बोलपट लागला. पडद्यावरची माणसे बोलू लागली, गाऊ लागली, आणि तीही सर्वांना समजेल अशा हिंदुस्थानी भाषेत. लोकांनी मुक्या चित्रपटांकडे पाठ फिरवली. दादासाहेबांचा सेतुबंधन १९३२ मध्ये तयार झाला तो मूकपट म्हणूनच. नंतर त्याला आवाज जोडावा लागला. कंपनी बंद पडली. १९३७ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी कोल्हापूरला गंगावतरण हा बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला.

नाशिकला परतलेल्या दादासाहेबांजवळ काहीच उरले नव्हते. सुमारे पंचाण्णव चित्रपट आणि सव्वीस-सत्तावीस लघुपट करणारा हा माणूस म्हातारपणी पैशांच्या विवंचनेत होता. १९३९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटाच्या पंचवीस वर्षांचा महोत्सव झाला. दादासाहेब तेथे गेले, तेव्हा नव्या पिढीतल्या अनेकांना हे कोण, हेही ठाऊक नव्हते. त्या वेळी व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने चित्रपटवाल्यांकडून वर्गणी गोळा झाली. जन्मभर ज्याने लोकांपुढे थाळी फिरवली, त्याच्यासाठी या वेळी दुसऱ्यांनी थाळी फिरवली. दादासाहेबांनी ते पैसे घेतले आणि ते नाशिकला परत आले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.