हिंदी एडिसन : शंकर आबाजी भिसे



आपल्या विज्ञान खोलीत आठवी-नववीची मुले छोटा रोबो तयार करीत आहेत. चाके, मोटर व बॅटरी बसली आहे. आता त्याला कीपॅड जोडायचा आहे, म्हणजे २ दाबले की पुढे आणि ८ दाबले की मागे. या निमित्ताने एका थोर मराठी संशोधकाची ओळख करून देत आहे. बटण दाबावे आणि यंत्राने काम करावे, अशा यंत्रांच्या जगात त्यांनी आयुष्य घालविले.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचा नाद होता. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी कोळशापासून गॅस तयार करण्याचे छोटे उपकरण घरीच बनविले. पुढे सरकारी हिशेब खात्यात कारकुनी केली, पण नाद सोडला नाही. मुंबईत विज्ञानाची आवड असणाऱ्यांचे मंडळ काढले आणि 'विविध कला प्रकाश' हे मराठी मासिकही चालविले.

१८९७ च्या सुमारास लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा ठेवली. साखर, पीठ असा सुटा माल आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवायचे होते. भिसे यांचा आराखडा सर्वांत सरस ठरला! मग दिनशा वाच्छा यांचे पत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंनी त्यांना मदतीचा हात दिला.

त्या काळी छापखान्यात जुळारी एकेक खिळा हाताने उचलून मजकूर जुळवीत असे. परदेशात लायनोटाइप व मोनोटाइप ही यंत्रे आली होती. मोनोटाइपची रीत मुलांनी समजून घ्यावी. कळ दाबली की कागदी पट्टीवर भोके पडत. ती पट्टी दुसऱ्या यंत्रात घातली की भोकांवरून अक्षराची आडवी ओळ व उभा रकाना ठरे, तो साचा जागेवर येई आणि खिळा ओतला जाई. आपल्या भागात जकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी उमटत असे, तिचाच हा भाऊबंद म्हणा ना!

आपला कीपॅडही ओळ-रकान्यावरच चालतो. ४ ओळी आणि ४ रकाने मिळून १६ बटणे होतात, पण तारा फक्त ८ लागतात. मायक्रोकंट्रोलर एकेका ओळीला क्रमाने संकेत देतो आणि तो कोणत्या रकान्यातून परत आला ते पाहतो. त्यावरून दाबलेले बटण त्याला कळते. बटण दाबताना आतील पट्टी क्षणभर थरथरते आणि एकदा दाबलेले दोन-तीनदा मोजले जाते. म्हणून प्रोग्राममध्ये किंचित थांबावे लागते.

भिसे यांनी या परदेशी यंत्रांशी टक्कर घेतली आणि खिळे अधिक वेगाने ओतणारे 'भिसोटाइप' यंत्र तयार केले. यंत्र झाले, पण कारखाना उभा करायला भांडवल नव्हते. ठरलेली मदत ऐनवेळी मिळाली नाही आणि १९०८ मध्ये ते निराश होऊन मायदेशी निघाले. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या शब्दावरून आपल्या शेजारच्या नवसारीचे सुपुत्र जमशेटजी टाटा यांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी पैसा दिला आणि १९१० मध्ये टाटा-भिसे कंपनी निघाली. पण १९१५ मध्ये तीही बंद पडली.

भिसे तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. या वयात माणूस थकतो. ते मात्र अमेरिकेला गेले आणि पुन्हा सुरुवात केली. तेथे त्यांचे सुधारित यंत्र तयार झाले. आयोडीनपासून त्यांनी केलेले औषधही विकले गेले. त्यांच्या नावावर सुमारे ४० पेटंटे सांगितली जातात. लोक त्यांना हिंदी एडिसन म्हणू लागले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. छपाईच्या बाजारावर राज्य मात्र लायनोटाइप व मोनोटाइप यांनीच केले. आज भिसे यांचे नाव आपल्याच मुलांना माहीत नाही, याचे दुःख वाटते.

या चरित्रातून काय घ्यावे? भिसे यांच्याजवळ बुद्धी होती, परिश्रम होते. वाच्छा, दादाभाई, गोखले, टाटा अशी माणसे भेटली तेव्हा त्यांची गाडी पुढे गेली. पैसा आटला की ती थांबली. बमरोली-पांडेसरा भागातील आपले बहुतेक पालक मागावर, मिलमध्ये कष्ट करतात. मुलगा जुना रेडिओ किंवा मोबाइल उघडून बसला तर रागावू नका. विजेचा प्लग काढला आहे ना, एवढे पाहा आणि त्याला उघडू द्या. मुलीलाही स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊ द्या.

विश्वस्तांना नम्र विनंती आहे की, शाळा सुटल्यावर विज्ञान खोली रोज एक तास उघडी ठेवण्याची सोय व्हावी. एक कपाट, चार कीपॅड, थोड्या तारा, एवढेच लागेल. चौदा वर्षांचे भिसे आपल्या वर्गातही बसलेले असतील. त्यांना पाठबळ देणे आपल्या हाती आहे.